दहा दिवसांचं दूध बिल, वीस सीएसव्ही फायली आणि न जुळणारी बेरीज

दूध संघात किंवा शीतकरण केंद्रावर हिशेबाला बसणाऱ्यांची दर दहा दिवसांनी येणारी ही डोकेदुखी आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून सीएसव्ही फायली येतात, काही मेलवर, बहुतेक व्हॉट्सॲपवर. त्या एका एक्सेल शीटमध्ये आणायच्या, सभासदवार लिटर आणि रक्कम काढायची, पशुखाद्य आणि ॲडव्हान्सची कपात वजा करायची आणि बिल बँकेत सोडायचं. पद्धतही ठरलेली असते: फाइल उघडा, सगळं निवडा, कॉपी, पेस्ट, पुढची फाइल. शेवटी बेरीज जुळत नाही आणि कुठल्या केंद्राच्या फायलीत काय बिघडलं ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

तक्रारीही त्याच त्या. ००७ नंबरचा सभासद ७ झाला आणि मास्टर यादीत सापडेना. गाईच्या कानातल्या टॅगचा बारा आकडी नंबर १.०२ई+११ असा दिसतोय. सभासदांच्या नावांच्या जागी कुठल्यातरी परदेशी अक्षरांचा चिवडा आलाय. मार्चच्या बिलात ऑक्टोबरची तारीख आहे. एका केंद्राचं दूध बरोबर दुप्पट झालंय.

यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी फायली जोडताना नव्हे तर उघडताना तयार होतात. म्हणून आधी उघडण्याबद्दल.

डबल क्लिक करू नका

सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर, ओळीतले रकाने बहुधा स्वल्पविरामाने तोडलेला. हा रकाना तारखेचा, हा नंबर मजकूर म्हणून ठेवायचा, अशी कुठलीही सूचना त्यात नसते. या फायलींचे संकेत आरएफसी ४१८० या दस्तऐवजात लिहून काढले गेले ते २००५ साली. तोवर लोक कित्येक वर्षं आपापल्या पद्धतीने त्या बनवतच होते, आणि आजही केंद्रावरच्या प्रत्येक दूध संकलन मशिनचं सॉफ्टवेअर आपल्या मर्जीनेच फाइल काढतं.

अशा फायलीवर डबल क्लिक केलं की एक्सेल प्रत्येक खान्यात काय असावं याचा अंदाज बांधतं. ००७ हा आकडा दिसतो, म्हणून पुढची शून्यं जातात. बारा किंवा त्याहून जास्त अंकांचा आकडा ई घालून दाखवला जातो. पंधराच्या पुढचे अंक तर सरळ शून्य होतात, म्हणजे सोळा आकडी बँक खात्याचा शेवटचा अंक गेलाच. (गट नंबरांच्या याद्या जोडणाऱ्यांना याहून वाईट अनुभव येतो. ७/१२ असं लिहिलेलं असेल तर संगणकाच्या सेटिंगप्रमाणे त्याचं ७ डिसेंबर तरी होतं नाहीतर १२ जुलै.)

नुसतं उघडून बंद केलं तर मूळ फाइल शाबूत राहते. खरा घात होतो तो बंद करताना 'सेव्ह' दाबल्यावर. सीएसव्ही साठवताना एक्सेल खान्यात जे दिसतंय ते लिहितं. पडद्यावर १.०२ई+११ दिसत असेल तर फायलीतही तेच उतरतं आणि टॅगचा खरा नंबर कायमचा जातो. २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, तेव्हा उत्पादकाच्या बँक खात्याबरोबर जनावराच्या टॅगची माहितीही लागत होती. अशा कामात एक नंबर गेला म्हणजे एका माणसाचं अनुदान अडकलं. म्हणून केंद्राकडून आलेल्या मूळ फायली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांना 'रीड ओन्ली' करून टाका.

मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर 'ऑप्शन्स'मध्ये 'डेटा' या भागात 'ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन' नावाची सोय २०२३ पासून आली आहे. पुढची शून्यं काढणं, लांब नंबरांना ई लावणं, जोडून लिहिलेल्या अक्षर-अंकांच्या तारखा बनवणं या सगळ्यांवरची खूण काढता येते. ती काढून ठेवाच. पण समोरच्या टेबलावरच्या संगणकात जुनं एक्सेल असेल तर त्याला याचा काही उपयोग नाही.

आधी नोटपॅड

काहीही दुरुस्त करण्याआधी बिघडलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा. चांगली फाइल साधारण अशी दिसते (मशिनच्या फायलीत अंक इंग्रजी असतात, इथे मराठीत लिहिलेत; एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक):

केंद्र,तारीख,वेळ,सभासद,प्रकार,लिटर,फॅट,एसएनएफ,दर,रक्कम
०१२,०५/०३/२०२४,स,००७,गाय,६.५,३.८,८.५,२८.५०,१८५.२५

इथे ००७ शाबूत असेल तर दोष एक्सेलच्या अंदाजाचा, आणि तो तुमच्या हातात आहे. नोटपॅडमध्येही नुसता ७ दिसत असेल तर फाइल तुमच्याकडे येण्याआधीच कोणीतरी एक्सेलमध्ये उघडून साठवली आहे. अशा वेळी केंद्राच्या सचिवांना फोन करून 'मशिनमधून काढलेली फाइल तशीच पाठवा, मध्ये उघडू नका' एवढंच सांगायचं. पाच मिनिटांच्या या फोनने पुढच्या प्रत्येक बिलाचं काम वाचतं.

त्याच नजरेत आणखी काही गोष्टी टिपून घ्या. रकाने स्वल्पविरामाने तोडलेत की अर्धविरामाने की टॅबने? रकान्यांची नावं पहिल्याच ओळीत आहेत, की वर केंद्राचं नाव, पत्ता, कालावधी अशा दोन-तीन ओळी आहेत? शेवटी 'एकूण' अशी ओळ आहे का? ती असेल तर बेरीज बरोबर दुप्पट का येते हे तिथेच कळलं.

कमांडने जोडण्याचा शॉर्टकट

कमांड प्रॉम्प्टमध्ये कॉपी कमांडला स्टार लावून सगळ्या सीएसव्ही एका दमात जोडता येतात, हा सल्ला तुम्हाला कुठे ना कुठे मिळेल. काम खरंच दोन सेकंदांत होतं. मी मात्र पैशांच्या हिशेबासाठी तो वापरत नाही. प्रत्येक फायलीची शीर्षक ओळ मध्ये मध्ये येत राहते. एखाद्या फायलीच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर तिच्या शेवटच्या सभासदाला पुढच्या फायलीचं शीर्षक चिकटतं आणि त्या सभासदाची रक्कम कोणाच्या लक्षातही न येता बेरजेबाहेर जाते. स्लॅश बी हा पर्याय दिला नाही तर शेवटी एक भलतंच नियंत्रण चिन्हही येऊन बसतं. जोडलेल्या फायलीला त्याच फोल्डरमध्ये सीएसव्ही असंच नाव दिलं तर ती स्वतःच जोडणीत ओढली जाण्याची शक्यता. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कुठली ओळ कुठल्या फायलीतून आली हे नंतर सांगता येत नाही.

पॉवर क्वेरीचा रस्ता

पॉवर क्वेरी म्हणजे फायली गोळा करून, साफ करून एकत्र लावणारं एक्सेलचं साधन. एक्सेल २०१६ पासून ती आतच असते. २०१० आणि २०१३ साठी ती वेगळी, फुकट बसवावी लागायची. एकदा नीट मांडली की पुढच्या बिलाला फायली फोल्डरमध्ये टाकायच्या आणि 'रिफ्रेश ऑल' दाबायचं.

१. एक फोल्डर करा आणि त्यात फक्त केंद्रांच्या सीएसव्ही ठेवा. तुमची एक्सेल फाइल या फोल्डरच्या बाहेर असू द्या.

२. नव्या वर्कबुकमध्ये 'डेटा', 'गेट डेटा', 'फ्रॉम फाइल', 'फ्रॉम फोल्डर' असं जाऊन तो फोल्डर निवडा.

३. समोर फायलींची यादी येईल. तिथे 'कंबाइन'वर लगेच झडप घालू नका. 'ट्रान्सफॉर्म डेटा' घ्या. 'एक्स्टेन्शन' रकाना आधी 'फॉरमॅट' मधून 'लोअरकेस' करा, मग त्यावर सीएसव्हीचा फिल्टर लावा. पॉवर क्वेरी लहान-मोठी अक्षरं वेगळी मानते आणि काही मशिनं फायलीच्या नावापुढे सीएसव्ही मोठ्या अक्षरांत लावतात. ही पायरी गाळली तर ती केंद्रं गुपचूप बाहेर राहतात. पोटातले फोल्डरही यादीत येतात, त्यामुळे 'जुन्या फायली' असा फोल्डर आत ठेवला असेल तर मागच्या महिन्याचं दूधही मिळवलं जाईल.

४. 'कंटेंट' रकान्याच्या डोक्यावरच्या दुहेरी बाणावर क्लिक करा. येणाऱ्या खिडकीत 'फाइल ओरिजिन'ला ६५००१ युनिकोड, यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या चालणारा अक्षरसंकेत) निवडा, 'डिलिमिटर' कॉमा, आणि 'डेटा टाइप डिटेक्शन'मध्ये 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स'.

हा शेवटचा पर्याय सगळ्यात महत्त्वाचा. न बदलता सोडलात तर पॉवर क्वेरी पहिल्या २०० ओळी बघून रकान्याचा प्रकार ठरवते, आणि ००७ पुन्हा ७ होतो.

आता डावीकडे चार-पाच क्वेऱ्या दिसतील. त्यातली 'ट्रान्सफॉर्म सॅम्पल फाइल' ही कामाची. फायलींची साफसफाई करायची ती इथे, शेवटच्या एकत्र क्वेरीत नव्हे. इथे केलेली प्रत्येक पायरी प्रत्येक फायलीवर स्वतंत्रपणे चालते. वरच्या दोन-तीन ओळी उडवायच्या तर 'रिमूव्ह टॉप रोज' इथेच, आणि मग 'यूज फर्स्ट रो ॲज हेडर्स'. त्याच्या पाठोपाठ 'चेंज्ड टाइप' ही पायरी न सांगता येऊन बसते. तिच्या शेजारच्या फुलीवर क्लिक करून तिला घालवा. मुख्य क्वेरीच्या शेवटी तीच पायरी आली असेल तर तिथूनही. मग सभासद रकान्यातल्या रिकाम्या आणि 'एकूण' असलेल्या ओळी फिल्टरने वगळा.

रकान्यांचे प्रकार सगळ्यात शेवटी, मुख्य क्वेरीत आणि हाताने द्या. केंद्र, सभासद, टॅग, खाते क्रमांक, आयएफएससी हे सगळे 'टेक्स्ट'. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम 'डेसिमल नंबर'. ज्या नंबरांची कधी बेरीज होणार नाही तो मजकूर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. आधीच्या पायरीत आकडा झालेला रकाना नंतर 'टेक्स्ट' केला तर गेलेली शून्यं परत येत नाहीत. 'रिप्लेस करंट' की 'ॲड न्यू स्टेप' असं विचारलं जातं, तेव्हा 'रिप्लेस करंट' म्हणा.

तारखा: पहिल्या बिलात एरर येत नाही म्हणून फसू नका

महिन्यात तीन बिलं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. केंद्राचं मशिन तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितं. संगणकाचं सेटिंग अमेरिकी इंग्रजी असेल तर तोच मजकूर महिना-दिवस-वर्ष असा वाचला जातो. मार्चच्या पहिल्या बिलात ०१/०३ ते १०/०३ या तारखा ३ जानेवारी, ३ फेब्रुवारी करत करत ३ ऑक्टोबरपर्यंत जातात. सगळ्या वैध तारखा! एकही एरर नाही, एकही खाना लाल नाही. दुसऱ्या बिलात ११ आणि १२ तारखाही निभावतात, १३ पासून एरर सुरू होतात आणि मग 'मागच्या वेळी तर चाललं होतं' असं सगळे म्हणतात. मागच्या वेळीही चाललं नव्हतं.

साध्या शीटमध्ये हा बिघाड ओळखायची खूण म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे. उजवीकडच्या तारखा झाल्या, तेही उलट्या; डावीकडच्या मजकूर राहिल्या.

पॉवर क्वेरीत तारखेच्या रकान्यावर उजवं क्लिक, 'चेंज टाइप', 'यूझिंग लोकेल', प्रकार 'डेट' आणि लोकेल 'इंग्लिश, इंडिया'. यामुळे संगणकाचं सेटिंग काहीही असलं तरी फरक पडत नाही, आणि तीच फाइल दुसऱ्याच्या मशिनवरही सारखीच चालते.

रकाने रिकामे येतात

एखाद्या केंद्राचा पूर्ण रकाना रिकामा दिसतो आणि मूळ फायलीत मात्र आकडे असतात. अशा वेळी रकान्यांची नावं तपासा. 'फॅट' आणि शेवटी स्पेस असलेलं 'फॅट ' ही पॉवर क्वेरीला दोन वेगळी नावं. मराठी शीर्षकांत याहून छुपा प्रकार आहे. 'ॲडव्हान्स'मधला ॲ दोन तऱ्हांनी लिहिला जातो: स्वतंत्र एक अक्षर म्हणून, किंवा अ टाइप करून त्यावर चंद्र देऊन. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले संकेत वेगळे. तसंच कोऱ्हाळे, गोऱ्हे अशा नावांतल्या अर्ध्या ऱ चं. एका कीबोर्डवर ते एका पद्धतीने उमटतं, दुसऱ्यावर र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह अशा पद्धतीने. मग गावनिहाय गट केला की एकच गाव दोनदा येतं आणि डोळ्यांना फरक सापडत नाही. हे गुंते सोडवत बसण्यापेक्षा शीर्षकं जागेवरून ठरवावीत: 'ट्रान्सफॉर्म सॅम्पल फाइल'मध्ये जुन्या शीर्षकाची ओळ उडवा आणि रकान्यांना आपली नावं द्या. सगळ्या केंद्रांचा रकान्यांचा क्रम एकच असेल तरच हे करायचं, अर्थात. गावाच्या नावाऐवजी केंद्राच्या नंबरावर गट करणं तर कधीही बरं.

दुसरी शक्यता म्हणजे रकान्यांची संख्या. पहिली फाइल दहा रकान्यांची होती म्हणून पॉवर क्वेरी आपल्या सूत्रात 'कॉलम्स बरोबर १०' असं लिहून ठेवते. पुढच्या बिलात मशिनच्या नव्या आवृत्तीने अकरावा रकाना दिला तर तो कापला जातो, सूचना न देता. 'ट्रान्सफॉर्म सॅम्पल फाइल'मधल्या 'सोर्स' पायरीच्या सूत्रपट्टीत जाऊन तेवढा तुकडा आणि त्यामागचा स्वल्पविराम खोडून टाका. मुख्य क्वेरीतली 'एक्सपांडेड टेबल कॉलम' ही पायरीही नमुना फायलीतलेच रकाने उघडते, म्हणून नमुन्याला सगळ्यात जास्त रकान्यांची फाइल घ्या.

रकाने रिकामे नसून सरकलेले असतील, म्हणजे लिटरच्या जागी 'गाय' आणि फॅटच्या जागी लिटर, तर मधल्या एखाद्या मजकुरात स्वल्पविराम आहे. पत्त्यात 'मु. पो.' नंतर येतो, रकमेत १,२५० असा येतो. तो मजकूर अवतरणचिन्हांत असेल तर अडचण नाही, नसेल तर फाइल उगमाशीच दुरुस्त करायला हवी. सरकलेल्या ओळी शोधायला लिटरचा रकाना आकडा करून 'कीप एरर्स' दाबा. नेमक्या त्याच ओळी समोर येतात. पत्त्यात एंटर मारलेला असेल तर एक ओळ दोन ओळींत फुटते. त्याला 'सोर्स'च्या गियरमध्ये 'इग्नोर कोटेड लाइन ब्रेक्स' हा पर्याय आहे.

एखादंच केंद्र अर्धविराम किंवा टॅब वापरत असेल तर त्याच्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून वेगळी क्वेरी करा आणि शेवटी दोन्ही 'अपेंड' करा. 'मर्ज' नव्हे. अपेंड एकाखाली एक लावतं, मर्ज शेजारी शेजारी जुळवतं.

नावांचा चिवडा

इथे तीन वेगळे रोग आहेत आणि औषधं वेगळी.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा येत असेल, तर फाइल यूटीएफ-८ आहे आणि एक्सेल ती जुन्या पाश्चात्त्य संकेतात वाचतंय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून 'गणेश'मधल्या ग, ण, मात्रा आणि श या चार चिन्हांची बारा होतात. वर सांगितलेलं ६५००१ निवडलं की नावं जागेवर येतात. माहिती गेलेली नसते.

सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं असतील तर माहिती गेली. कोणीतरी ती फाइल एक्सेलमधून साध्या 'सीएसव्ही' प्रकारात साठवली आहे. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार वेगळा असतो आणि मराठीसाठी तोच हवा. प्रश्नचिन्हांतून नाव परत मिळत नाही, नवी फाइल मागवा.

आणि तिसरा रोग आपल्याकडचा खास: नावांच्या जागी साध्या इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक मजकूर, जो विशिष्ट फॉन्ट लावला की मराठी दिसतो. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या जुन्या फॉन्टांतला डेटा तो. इथे फाइल ओरिजिन कितीही बदललंत तरी काही होणार नाही, कारण फायलीत देवनागरी नाहीच. फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर नावं रूपांतरित करत बसू नये. सभासद नंबर घ्यावा आणि नाव आपल्या मास्टर यादीतून ओढावं.

अंकच मराठीत आले असतील तर लिटरचा रकाना आकडा करताना एरर येतील. 'रिप्लेस व्हॅल्यूज'ने दहाही अंक इंग्रजी करून घ्या.

जुळवणी

पॉवर क्वेरी 'सोर्स डॉट नेम' नावाचा रकाना स्वतःहून देते, त्यात फायलीचं नाव असतं. तो काढून टाकायचा मोह टाळा. त्याच्यावर 'ग्रुप बाय' करून प्रत्येक फायलीच्या ओळी मोजा आणि लिटरची बेरीज घ्या, आणि ती केंद्राच्या छापील गोषवाऱ्याशी ताडून बघा. सगळ्या केंद्रांची मिळून एकच बेरीज ताडण्यात अर्थ नाही. एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी असं होऊन ती जुळूही शकते.

फरकाचं रूप बघून कारण ओळखता येतं. सगळीच केंद्रं बरोबर दुप्पट असतील तर 'एकूण'च्या ओळी आत राहिल्या. एकच केंद्र दुप्पट असेल तर व्हॉट्सॲपवरून तीच फाइल दोनदा उतरली आहे, नावाच्या शेवटी कंसात १ लागून. ती फोल्डरमधून काढा. इथे 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' वापरू नका. एकाच वेळेला एक सभासद दोन कॅन घालतो, दोन्हींचं लिटर आणि फॅट योगायोगाने सारखं येऊ शकतं, आणि मग त्याचं खरं दूध उडतं. केंद्र अर्धं आलं असेल तर बहुधा सकाळ आणि संध्याकाळच्या वेगळ्या फायलींपैकी एक आलीच नाही.

आणि एखादं केंद्र सातत्याने तीन टक्क्यांनी जास्त येत असेल तर तिथलं मशिन किलोत मोजतंय. दुधाची घनता साधारण १.०३ असते, म्हणजे १०० लिटर दूध १०३ किलो भरतं. रकान्याचं नाव 'प्रमाण' असं मोघम असलं की दोन्ही एकाच रकान्यात मुकाट्याने मिसळतात आणि दहा दिवस कोणाला पत्ता लागत नाही. त्या केंद्रापुरतं १.०३ ने भागून घ्या, किंवा मशिनचं सेटिंगच बदलून घ्या.

शीट भरून जातं तेव्हा

एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. एका केंद्रावर २०० सभासद, दोन वेळा, दहा दिवस म्हणजे ४,००० ओळी. अशी २० केंद्रं म्हणजे बिलाला ८०,००० आणि महिन्याला २,४०,०००. पाचव्या महिन्यात शीट भरतं. वर्षभराचा डेटा एकत्र हवा असेल तर 'क्लोज अँड लोड टू' मधून 'ओन्ली क्रिएट कनेक्शन' निवडा, 'डेटा मॉडेल'वर खूण करा आणि गोषवारा पिव्हटमध्ये घ्या.

जुन्या एक्सएलएस प्रकारात तर फक्त ६५,५३६ ओळी बसतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही याच जुन्या प्रकारात ओढल्या जात होत्या. फाइल भरली, पुढच्या ओळी गळाल्या आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून सुटले. तेव्हा कोणी 'जुन्या एक्सेलमध्येही उघडली पाहिजे' म्हणून एक्सएलएस मागितलं तर आधी ओळी मोजा.

एक्सेल नसेल तर

लिब्रेऑफिस कॅल्क सीएसव्ही उघडतानाच खिडकी दाखवतं, त्यात अक्षरसंच यूटीएफ-८ आणि नंबरांच्या रकान्यांना 'टेक्स्ट' देता येतं. या एका बाबतीत ते एक्सेलपेक्षा सरळ आहे, पण सगळा फोल्डर एका झटक्यात घ्यायची सोय नाही. गूगल शीट्समध्ये 'फाइल', 'इम्पोर्ट' करून 'अपेंड टू करंट शीट' निवडा आणि मजकुराचे आकडे-तारखा करण्याची खूण काढा. एका वेळी एकच फाइल जाते, शीर्षक ओळही दर वेळी येते आणि मर्यादा एक कोटी खान्यांची. चार-पाच केंद्रं असतील तर चालून जातं.

शेवटची नेहमीची तक्रार: सगळं नीट चालत असताना फाइल साहेबांच्या संगणकावर नेली आणि 'रिफ्रेश'ला पाथ सापडत नाही असा एरर आला. क्वेरीत फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो आणि त्यात तुमच्या विंडोज खात्याचं नाव असतं. 'गेट डेटा' खाली 'डेटा सोर्स सेटिंग्ज', मग 'चेंज सोर्स', आणि तिथल्या फोल्डरचा पत्ता द्या. दोघांना एकच फाइल वापरायची असेल तर फोल्डर डी ड्राइव्हवर सारख्याच नावाने ठेवा, डेस्कटॉपवर नको.